तिओतीची पँट आणि सरकारचं जहाज

बिकेनिबेउ, तारावा
बुधवार, दुकान बंद केल्यावर
(म्हणजे आठवडाभर बंदच आहे. का बंद केलं ते पुढे येईल.)

ओनोतोआ बेटाच्या मनेआब्यात, भरल्या गावसभेत, समुद्राकडच्या खांबाला पाठ टेकून बसण्याचा ज्यांचा मान आहे, त्या तीर्थरूप इओतेफा मामांना भाचा कामोरिकी याचा तारावाहून मौरी. आपल्याला आरोग्य असो, घरात शांती असो, आणि आपल्या माडांची नीरा शेजाऱ्यांच्या माडांपेक्षा थोडी जास्तच गोड निघो. गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात आपण लिहिलं होतंत की आता माडावर चढताना दुखत नाही, फक्त उतरताना दुखतं. तर माझी विनंती आहे की चढूच नये. मामींचा खोकला, लाल डुकरीण आणि तिची पिल्लं, सगळ्यांची खुशाली कळवावी. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे मजेत नाही, पण ते ओळीनं सांगतो. हे पत्र मुद्दाम विमानानं पाठवतोय, कारण जहाज आपल्या बेटाला लागण्याआधी ते आपल्या हाती पडणं राष्ट्राच्या दृष्टीनं अत्यंत निकडीचं आहे. (हे शेवटचं वाक्य माझं नाही. मला सांगून लिहून घेतलंय. कोणी, तेही पुढे येईल.)

आपली आज्ञा मी विसरलेलो नाही. मागे तिओती विमानानं बेटावर आला होता, तेव्हा आपण त्याला मनेआब्यात सगळ्यांच्या मधोमध बसवलंत. माझा धाकटा भाऊ असला तरी तो आता नुसता तिओती नाही, ओनोतोआनं देशाच्या मोठ्या सभेवर निवडून पाठवलेला सभासद आहे, आणि तरी आपण त्याला पोरासारखा झापलात, हे मला फार आवडलं. आपण म्हणालात, खोबरं शेडमध्ये सडतंय, पीठ संपलं, तंबाखू संपली, रेडिओच्या बॅटऱ्या संपल्या. तेव्हा एक तर सरकारचं जहाज इकडे आण, नाहीतर राष्ट्राध्यक्षाला खाली ओढ, आणि दोन्ही जमलं नाही तर पुन्हा इथे तोंड दाखवू नकोस. तिओती 'हो' म्हणाला. तो सगळ्यांनाच हो म्हणतो, म्हणून तर निवडून आला. आणि आईचा प्रश्न होताच. दात काढायला म्हणून माझ्याकडे आलेली आपली बहीण परतीचं जहाज नाही म्हणून वर्षभर माझ्या घरी बसून होती. विमानात ती बसत नाही. जे खाली येण्यासाठीच वर जातं त्यात बसायचं कशाला, असं तिचं म्हणणं. शिवाय विमानात डुक्कर घेत नाहीत.

आता राष्ट्राध्यक्षाला खाली ओढणं म्हणजे काय, ते बेटावर बसून नीट लक्षात येत नाही. (बॅटऱ्या असत्या तर आलं असतं.) आपली राज्यघटना लिहिणारा माणूस कधीतरी माडावर चढलेला असणार. सभेनं अविश्वास दाखवला की राष्ट्राध्यक्ष पडतो हे खरं, पण त्याच क्षणी सभाही मोडते, आणि सगळे सभासद आपापल्या बेटावर पुन्हा मतं मागायला निघतात. म्हणजे दोघं एकाच माडावर आहेत आणि दोघांच्या कमरेला एकच दोर बांधलाय. खालच्यानं वरच्याला खुशाल ओढावं. फक्त तो येणार याच्याच डोक्यावर. त्यामुळे अविश्वासाची भाषणं सगळ्यांना आवडतात, मतमोजणी कोणालाच आवडत नाही. मी सभेच्या चहाला पाव पुरवतो, तेव्हा हे मला पावाच्या खपावरून कळतं. भाषणाच्या दिवशी पाव पुरत नाहीत, मतदानाच्या दिवशी अर्धे परत येतात.

या खेपेला मात्र ठराव आणला अबेरामनं. अबेराम म्हणजे विरोधी पक्षाचा पुढारी; शाळेत तो मला गणित शिकवायचा, आणि तेव्हापासून त्याची बेरीज पक्की व वजाबाकी कच्ची आहे. त्यानं मोजलं तर इकडचे आणि तिकडचे अगदी बरोबरीत, आणि मध्ये उरला एकटा तिओती. ठराव सोमवारी येणार होता. शनिवारपर्यंत तिओतीला माझ्या घरात बसायलाही जागा नव्हती, इतके लोक त्याला बसवून समजवायला येत होते. बिचाऱ्याची अडचण खरी होती. राष्ट्राध्यक्षाला पाडलं तर स्वतःची जागा जाते, नाही पाडलं तर आपण बेटावर पाय ठेवू देत नाही. त्यानं जेवण सोडलं नाही, पण चवीनं खाणं सोडलं.

रविवारी चर्च सुटल्यावर स्वतः राष्ट्राध्यक्ष माझ्या घरी आले. बेनियामिना. (माझ्या बायकोची चुलतबहीण त्यांनाच दिलीय, म्हणजे तसे ते माझे चुलत साडू, राष्ट्राध्यक्ष झाल्यापासून हे नातं मीच जास्त आठवतो, निवडणूक जवळ आली की ते आठवतात.) गाडी रस्त्यावर ठेवून चालत आले, चपला लांब काढल्या, आणि चटईच्या अगदी कडेला बसले. तेव्हाच मी सावध झालो. मी सायकलवर डोनट विकत विकत इथवर आलोय मामा, गिऱ्हाईक ओळखायला शिकलोय. सत्तेतला माणूस चटईच्या कडेला बसला की समजावं, घरातलं काहीतरी जाणार. मी डोळ्यांनी आकोइयाला खूण केली आणि तिनं नवा किटली-स्टोव्ह हळूच गोणपाटाखाली सरकवला. माझ्या बायकोसारखी बायको मिळायला नशीब लागतं.

पण ते स्टोव्हसाठी आलेच नव्हते. नीरफणसाचे तुकडे खाल्ले, खारवलेला मासा खाल्ला, आईच्या दातांची चौकशी केली, दोन वर्षांपूर्वी हुकलेल्या एका टूनाची गोष्ट इतकी सविस्तर सांगितली की तो मासा पकडून खायलाही इतका वेळ लागला नसता. मग बाहेर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघून म्हणाले, "तिओती, कापड काय सुंदर आहे रे!" आणि लगेच, "मी एक बुबुती घेऊन आलोय."

आता बुबुती म्हणजे काय ते मी आपल्याला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. नातलगानं बुबुती म्हणून तोंड उघडलं की आपला हात उघडलाच पाहिजे. नाही म्हणणारा माणूस मनेआब्यात मान वर करून बसत नाही, आणि एकदा दिलेली वस्तू देणाऱ्यानं परत मागायची नाही, हे आपणच मला शिकवलंत. (त्याच दिवशी माझा पहिला गळ मागून घेतलात, तेव्हा तो धडा चांगला लक्षात राहिलाय.) तिओती दाराकडे सरकला, कारण आम्हा सगळ्यांना वाटलं की आता मत मागणार. खरं तर मत मागितलं असतं तर सुटलो असतो. मत ओनोतोआचं आहे, ते त्याला देता येतच नाही. पण बेनियामिनांनी मागितली पँट.

सभेचा नियम आपल्याला ठाऊक नसेल. लुंगी नेसलेल्या सभासदाला आत घेत नाहीत, पूर्ण लांबीची पँटच लागते. आणि तिओतीचा घेर आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या मापाची पँट तारावाच्या एकाही दुकानात मिळत नाही. आकोइयानं चर्चच्या पडद्याचं उरलेलं निळं कापड जोडून शिवलेली ही एकच, ती तो शनिवारी धुतो आणि सोमवारी घालतो. दोरीवर वाळत होतं ते त्याचं मत होतं, मामा.  शेवटी आई म्हणाली, "दे. मागितलंय ना त्यानं? आपल्या घरात आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही." तिओतीनं उठून, अजून ओलसर असलेली पँट घडी घालून त्यांच्या हातात ठेवली. ते डोळ्यांत पाणी आणून आभार मानून गेले. (ते पाणी हसण्याचं होतं, हे मी त्यांना गाडीत बसताना पाहिलं.)

"त्यात काय रडायचंय, दुसरी शिवते," आकोइया म्हणाली, आणि तिथेच थांबली. शिवणयंत्र कुठे होतं? गुरुवारी तिची तीच चुलतबहीण, राष्ट्राध्यक्षांची बायको, येऊन मागून घेऊन गेली होती. हातानं शिवावी म्हटलं तर सुयांचा डबाही यंत्राबरोबर गेला होता. तेव्हा आम्हाला कळलं की जो माणूस देश चालवतो तो उगाच चालवत नाही.

तासाभरात अबेराम आला. बातमी त्याच्याआधी रस्त्याभर पसरली होती. "अरे, पँट दिलीस?" तो तिओतीवर ओरडला. "मी दोन महिने एकेक मत गोळा करतोय, आणि तू पँट दिलीस?"

"बुबुती होती, सर," तिओती म्हणाला. (माजी विद्यार्थी तोही आहे.)

"मग दोघांच्या दोन पँटी जोड! चादर गुंडाळ! काहीही कर!"

"सर, तुमची द्या ना," तिओती म्हणाला, आणि अबेराम पटकन दोन्ही हातांनी आपला पट्टा धरून दाराबाहेर जाऊन उभा राहिला. बाकीचं बोलणं त्यानं तिथूनच केलं.

या गोंधळात आई शांतपणे पंख्यानं वारा घेत बसली होती. मग म्हणाली, "आज तो आपल्याकडे मागून गेलाय. म्हणजे उद्या मी मागायला गेले तर त्याला नाही म्हणायची सोय राहिली नाही. कामोरिकी, सकाळी ट्रक काढ." माझा ट्रक आपण अजून पाहिला नाही, मामा. लाल आहे. सायकल, मग हातगाडी, मग हा. रोज सकाळी मी स्वतः पुसतो, ते काम मी कोणाकडे देत नाही. पण ते असो.

सोमवारी उजाडता उजाडता डोक्यावर फुलांचा बाउ आणि हातात केवड्याच्या पात्यांचा पंखा घेऊन आपली बहीण राष्ट्राध्यक्षांच्या घरात शिरली. पहारेकऱ्यानं "कोण पाहिजे?" विचारलं तर म्हणाली, "तू कोणाचा रे?" आणि त्यानं बापाचं नाव सांगितल्यावर त्याच्या आजीची चौकशी करत करत त्याला बरोबरच आत घेऊन गेली. बेनियामिना न्याहारी करत होते, आणि अंगात तिओतीची पँट. मागून आणलेली वस्तू वापरली नाही तर देणाऱ्याचा अपमान, म्हणून घातली असं म्हणाले; पण सभेत सगळ्यांना दिसावी म्हणूनच घातली होती. माणूस काडीसारखा. त्या पँटीत त्यांच्याबरोबर आणखी एक राष्ट्राध्यक्ष आरामात मावला असता. कमरेला नायलॉनची दोरी बांधली होती.

"या, मावशी, बसा. पाव घेणार?"

"खाऊन आलेय. बुबुती आहे."

त्यांनी हातातला पाव ताटलीत ठेवला. "काय हवंय, मावशी?"

"जहाज."

"मावशी, जहाज माझं नाही हो."

"मग कोणाचं?"

"सरकारचं."

"सरकार कोण?"

"म्हणजे मीच, पण तसं नाही. त्याचा खर्च सभा मंजूर करते. सभेनं हो म्हटल्याशिवाय मला त्याचा एक दोरखंड हलवता येत नाही."

"मग सभेकडे माग."

"मी? सभेकडे मागू?"

"पँट मागताना नाही लाजलास," आई म्हणाली. मी खिडकीबाहेर बघू लागलो, कारण हसू दिसलं असतं तर माझ्या पावाचं कंत्राट गेलं असतं.

त्या दिवशी सभेत मुंगी शिरायला जागा नव्हती. तिओती लुंगी नेसून वर प्रेक्षकांत बसला होता, खाली त्याची खुर्ची रिकामी. अबेराम ठराव मांडायला उठला, घसा साफ केला, आणि तेवढ्यात राष्ट्राध्यक्ष एका हातानं कमरेची दोरी धरून उभे राहिले. आधी मला बोलू द्या म्हणाले. आजवर त्यांनी सभेला कळवलं होतं, बजावलं होतं, एकदा तर खडसावलं होतं. मागितलं कधीच नव्हतं. ते म्हणाले, "ओनोतोआच्या नेई तेरेतिया यांनी, म्हणजे तिओतीच्या आईनं, माझ्याकडे जहाज मागितलंय. ते माझ्याकडे नाही, आपल्याकडे आहे. म्हणून मी या सभेकडे बुबुती करतो, जहाज त्यांना द्यावं."  मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "दिलं," आणि बघता बघता इकडचे आणि तिकडचे सगळे बाक "दिलं, दिलं" करून ओरडले. विरोधकांना वाटलं राष्ट्राध्यक्ष वाकले, सरकारवाल्यांना वाटलं ओनोतोआचं मत मिळालं, आणि सगळ्यांनाच वाटलं की जहाज देणं म्हणजे एका म्हातारीला घरी सोडून येणं. हा शब्द लक्षात ठेवा, मामा. तिला द्यावं. रेडिओवरून सगळ्या देशानं ऐकला.

पण अबेरामचं डोकं मास्तरचं. तो म्हणाला, "राष्ट्राध्यक्षांनी सभेकडे मागितलं, सभेनं दिलं. आता सभेला त्यांच्याकडे मागायचा हक्क आलाय. मी सभेच्या वतीनं बुबुती करतो. खुर्ची द्या."

बेनियामिना हसले सुद्धा नाहीत. खुर्चीतून बाजूला झाले आणि म्हणाले, "घ्या. नाही म्हणणारा मी कोण? फक्त नेताना आपापली खुर्चीही बरोबर न्या, दोन्ही एकाच दोरानं बांधल्यात." मामा, त्या क्षणी सभासदांचे चेहरे आपण पाहायला हवे होतेत. एकेक जण आपल्या खुर्चीचे हात असे चाचपून बघत होता, जसं काही तिला आतापर्यंत कधी स्पर्शच केला नव्हता. अबेरामच्या मागे बसलेल्यानं त्याच्या सदऱ्याला इतका जोरात हिसका दिला की तो अर्धा खाली बसला. (अबेराम गेल्या वेळी अगदी थोडक्यात निवडून आलाय.) मागितलेली वस्तू घ्यायला नको आणि नाही म्हणायलाही नको, अशी अवस्था. शेवटी अर्धवट बसलेल्या अवस्थेतच तो म्हणाला, "खुर्ची राहू द्या. सभा पँट मागते."

पँट देणाऱ्यानं परत मागायची नाही, पण तिसऱ्यानं मागायला कोणाची हरकत? राष्ट्राध्यक्ष सभापतींच्या खोलीत गेले, शिपाई पँट घेऊन बाहेर आला, आणि सभेनं ती तिओतीच्या हाती दिली. सभापतींच्या टेबलावरचं कापड कमरेला गुंडाळून ते आत येऊ लागले, तर नियमानं दारातच अडले. आत येऊ शकेल तो पँटवाला. म्हणजे आता तिओती आत आणि राष्ट्राध्यक्ष बाहेर. ड्रायव्हर दुसरी पँट आणायला पुलापलीकडे गेला, आणि तो येईपर्यंत आतून सभा बाहेर बघत होती आणि बाहेरून राष्ट्राध्यक्ष आत बघत होते. मी तेवढ्यात दोन्हीकडे पाव विकले.

मग ठराव आला. तिओती उठला. पँटीला अजून दोरीच्या सुरकुत्या होत्या. म्हणाला, "माझ्या बेटानं सांगितलं होतं, जहाज आण नाहीतर राष्ट्राध्यक्षाला पाड. जहाज मिळालं. मी ठरावाच्या विरोधात." ठराव एका मतानं पडला, आणि इतका आनंद मी कुठल्याही पराभवात पाहिलेला नाही. अबेराम तर मला मिठी मारून म्हणाला, "थोडक्यात हुकलं!" त्याच्या डोळ्यांत मात्र खरंच पाणी होतं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. आपलं नाव राहिलं, तिओतीची जागा राहिली, राष्ट्राध्यक्ष राहिले, सभा राहिली.

गेल्या बुधवारी आई जहाजावर चढली. चढण्याआधी माझ्या दुकानात येऊन उभी राहिली. "वर्षानं भावाकडे चाललेय. रिकाम्या जहाजानं जाऊ?" आणि म्हणाली, बुबुती. पीठ गेलं, तांदूळ गेला, साखर, तंबाखू, बॅटऱ्या, डबाबंद मांस, सगळं गेलं. म्हणून दुकान बंद. फळ्या पुसून ठेवल्यात, त्यावर आता दोन पाहुणे बसतात, ते कोण ते सांगतोच. जहाजाचा कप्तान आईला म्हणाला, "आजी, थेट ओनोतोआला सोडतो आणि परत येतो." आई म्हणाली, "परत कुठे येतोस? जहाज माझं आहे. सभेनं दिलंय, रेडिओवर ऐकलं नाहीस?" कप्तान नोनौती बेटाचा, जुन्या वळणाचा माणूस. त्यानं विचार केला, आणि टोपी काढली.

तेव्हापासून आठवडा झाला. जहाज आधी अबेमामा बेटाला गेलं, कारण आमच्या चुलतमावशीच्या नातीला मुलगा झालाय. आता नोनौतीला आहे, कारण तिथे एक जुनं भांडण मिटवायचं आहे. आपल्या दक्षिणेकडच्या बेटांना जाणारं ते एकच जहाज, आणि प्रत्येक बेटावर आपले नातलग. सरकारनं बिनतारी संदेश पाठवला तर कप्तानाचं उत्तर आलं, "मालकीणबाईंची परवानगी मिळताच निघतो." राष्ट्राध्यक्ष स्वतः बोलले तर आई म्हणाली, "पोरा, दिलेलं परत मागतोस?" सभेनं एकमतानं ठराव केला की जहाज परत घ्यावं; पण तो ठराव तिला वाचून दाखवायला कोण जाणार, यावर एकमत झालेलं नाही. सरकारी वकील म्हणतात कायद्यानं जहाज तिचं होतच नाही. ते ऐकून सगळ्यांनी त्यांनाच पाठवायचं ठरवलं, तर ते आजारी पडले. मी मागून बघितलं असतं, पण मुलाला आई नाही म्हणू शकते. रोजच म्हणायची.

तर असं आहे. आकोइयाचा आणि तिओतीचा मौरी. मामींना आणि सगळ्या लहानथोरांना आमची आठवण सांगावी. तब्येतीला जपावं, माडावर चढू नये.

आपला आज्ञाधारक भाचा,
कामोरिकी

ता.क. खरं काम असं, की सभा आणि राष्ट्राध्यक्ष दोघंही देणारे, तेव्हा त्यांना मागता येत नाही. तिसऱ्यानं मागायला हवं, आणि तोही असा की ज्याला नेई तेरेतिया नाही म्हणू शकणार नाहीत. असा माणूस सगळ्या देशात एकच, तिचा थोरला भाऊ. तरी आपण आपल्या बहिणीकडे जहाजाची बुबुती करून ते राष्ट्राला परत करावं, अशी राष्ट्राध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते यांची संयुक्त नम्र विनंती आहे. (माझ्या रिकाम्या फळीवर शेजारी शेजारी बसून दोघांनी हे लिहून घेतलं. एका वाक्यावर दोघांचं एकमत झाल्याचं मी प्रथमच पाहिलं. 'नम्र' हा शब्द राष्ट्राध्यक्षांचा, 'संयुक्त' अबेरामचा.)

दुसरं ता.क. दोघं गेले. आता ऐका, मामा. जहाज बहिणीकडून मागून जरूर घ्या, पण राष्ट्राला परत द्यायची घाई मुळीच करू नका. ते आपलं झालं की राष्ट्राध्यक्षांना ओनोतोआला यावं लागेल, मग सभेलाही यावं लागेल, आणि दोघांनाही आपल्या चटईच्या कडेला बसावं लागेल. नीरफणस खाऊ घाला. गुडघ्याबद्दल बोला. टूनाची गोष्ट सांगितली तर पूर्ण सांगू द्या. आणि दर महिन्याला जहाज आपल्या बेटाला लागेल हे दोघांनी रेडिओवर, सगळ्या देशासमोर म्हटलं, की मगच खांबाला पाठ टेकून हो म्हणा. जहाजावरच्या माझ्या पिठातलं आपल्याला नको असेल तेवढं परतीला पाठवलंत तर उपकार होतील.

तिसरं ता.क. एक अगदी लहान गोष्ट राहिली. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. आज दुकानात शिरण्याआधी राष्ट्राध्यक्ष माझ्या ट्रकजवळ थांबले, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "रंग काय सुंदर आहे रे!" रविवारी पुन्हा येतो म्हणालेत. तेव्हा कृपा करून असं समजावं, की हा ट्रक आपण माझ्याकडून आधीच मागून घेतलाय आणि तो आता आपलाच आहे. तसं दोन ओळींचं पत्र येत्या विमानानंच पाठवा, म्हणजे मलाही चटईवर बसून सांगता येईल, की साडूबुवा, ट्रक माझा नाही हो.

पण नुसतं समजा, मामा. खरोखर मागू नका.